खळ लावलेला ट्रक

गणपत धुरींना एक खोड होती. एखादी वस्तू बिघडली की लोक कपाळाला हात लावतात, धुरी आधी विचारत, "पण बिघडली कशी?" घोडपदेवच्या त्यांच्या चाळीत या खोडीचं कौतुक होतं आणि तापही होता, कारण गळका नळ दुरुस्तीला त्यांच्या हाती दिला की तो का गळतो ही चौकशी संपेपर्यंत गळतच राही. एके काळी ते गिरणीत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग खात्यात होते. गिरणी गेली, तिच्या जागी काचेची इमारत आली, धुरींचे केस पांढरे झाले. खोड मात्र तशीच राहिली.

यंदा तिला मोठं काम मिळालं. मुलगा धनेश याच्या छोट्या ट्रकचा रंग जपायचा होता.

हा रंग साधा नव्हता. धनेशने रे रोडवरून प्लायवूड वाहायला स्वतःचा ट्रक घेतला, तेव्हा त्याची आई कांता म्हणाली, "पेंटर नको. मी काढीन." चाळीच्या चौकात वर्षानुवर्षं रांगोळ्या काढलेला तिचा हात. ऑइल पेंटचे डबे घेऊन ती गल्लीत स्टुलावर बसली आणि ट्रकच्या दोन्ही बाजूंवर तिने आपलं माहेर उतरवलं. अंगणातला फणस, विहिरीचा रहाट, ओटीवर बसलेल्या दोन मुली; थोरली धाकटीची वेणी घालते आहे. धाकटी कांता, थोरली तिची बहीण शेवंती.

त्यानंतर वर्षभरात कांताच्या उजव्या हातावरून वारं गेलं. आता त्या हातात कप राहतो, ब्रश राहत नाही.

आणि गावाहून निरोप आला. शेवंती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ओटीपलीकडे तिला जाता येत नाही. कांता म्हणाली, "ती येऊ शकत नाही, तर चित्र तिच्याकडे जाऊ दे. फोनमधला फोटो नको, तिला त्यातलं काय दिसणार? ट्रकच तिच्या दारात उभा करा."

यात अडचण फक्त शेवटच्या वाटेची होती. डांबरी रस्ता संपला की शेवंतीच्या घरापर्यंत कच्ची वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या. ट्रक जेमतेम मावेल एवढीच जागा. ओरखडा पडला तर तो बुजवणारा हात आता नव्हता.

"आये, मी आहे ना. हळू नेतो," धनेश म्हणाला.

"हळू नेलं तरी काटा काटाच असतो," कांता म्हणाली.

धनेशने लोअर परळच्या एका गाड्या चकचकीत करणाऱ्या दुकानात विचारलं. तिथल्या माणसाने आरपार दिसणारी चिकट फिल्म दाखवली. चित्रावर बोट फिरवून तो म्हणाला, "हा ब्रशने मारलेला रंग आहे. लावीन मी, पण काढताना याचे पापुद्रे आले तर मला बोलू नका." धुरींना त्याचं खरं बोलणं आवडलं. घरी येताना ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "म्हणजे चिकटायलाही हवं आणि सुटायलाही हवं."

मग गोधड्या आल्या. आधी चाचणी मागच्या फाळक्यावर, कारण तिथे चित्र नव्हतं. शेवटच्या क्षणी शेजारच्या सुंदराबाईंची ठेवणीतली गोधडीही दोरीने बांधली गेली. शिवडीकडच्या धुळीच्या रस्त्यावर धनेश एक फेरी मारून आला. गोधडी सोडून पाहिली तर आतला रंग बारीक रेघांनी भरलेला.

"काटा नाही लागला, तरी हे कसं?" धनेश वैतागला.

धुरींनी चष्मा कपाळावर चढवून रेघांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "धूळ आत गेली. गोधडी हलत राहिली. कापडानेच घासलंय."

"अप्पा, तुम्ही खूश का होताय?"

"अरे, मागावरचं सूत असंच तुटतं! फणीत घासून घासून. म्हणून तर त्याला खळ लावायची. घासायचं ते खळीने घासून घ्यायचं, सूत आत शाबूत. कापड झालं की धुऊन टाकायची."

कांता गॅलरीतून ओरडली, "अहो, माझ्या चित्राला तुम्ही खळ लावणार?"

"चित्राला नाही गं. आधी फाळक्याला."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर हे सायझिंग खातं झालं. मक्याचं पीठ, पाणी, पातेलं, आणि ढवळताना धुरींची अखंड चौकशी: आता धार कशी पडते, थेंब नखावर थांबतो का, थोडं खोबरेल घातलं तर लवचिक राहील का. कांता दारात बसून टोमणे मारत होती, पण गुठळ्या गाळायला जुन्या साडीचा तुकडा तिनेच काढून दिला. फाळक्यावर खळ, तिच्यावर वर्तमानपत्र, पुन्हा खळ, पुन्हा कागद. वाळल्यावर धुरींनी हिराच्या झाडूने ते कडक कवच खराखरा घासलं. नंतर पाणी मारून कागद सोडवला. रंगाला काही झालं नव्हतं. फक्त त्यावर एका सोन्याच्या दुकानाची जाहिरात उलटी उमटली होती.

"वा!" कांता म्हणाली. "शेवंतीला वाटेल, मी सराफाकडे कामाला लागले."

म्हणून कोऱ्या कागदाचा रोल आला. पण आता खरं चित्र झाकायचं होतं. कांता खाली उतरली, ओटीवरच्या दोन मुलींवरून डावा हात फिरवला आणि म्हणाली, "पुसून घ्या नीट. धुळीचा कण राहता कामा नये."

दिवाळी होऊन गेली होती, पावसाची भीती नव्हती. तिघांना घेऊन गावी निघालेला, कागदात गुंडाळलेला ट्रक लालबागच्या सिग्नलला थांबला तेव्हा शेजारच्या टॅक्सीवाल्याने विचारलं, "काय, लग्नाचा आहेर का?" धनेशने मान फिरवली. धुरींनी मात्र सिग्नल सुटेपर्यंत त्याला खळ समजावून सांगितली.

कच्ची वाट लागली. करवंदीचे काटे दोन्ही बाजूंनी कागदावरून कर्रकर्र फिरू लागले. धनेशने दात आवळले, कांताने डोळे मिटले. धुरी मान तिरकी करून ऐकत होते. "कोरडा आवाज आहे," ते म्हणाले. "अजून रंगापर्यंत पोचलेला नाही."

शेवंतीच्या अंगणात ट्रक उभा राहिला. फाटलेला, चिंध्या लोंबणारा कागद बघून ओटीवरच्या खुर्चीतून ती म्हणाली, "गो कांता, ह्या काय हाडलंस?"

"थांब, आधी चहा घेऊ. मग दाखवते," कांता म्हणाली. तिला बहिणीच्या शेजारी बसून, एकदमच ते उघडायचं होतं. सगळे चहाला आत गेले. शेवंती एकटी ओटीवर राहिली.

थोड्या वेळाने तिच्या हसण्याचा आवाज आला. सगळे बाहेर धावले. शेवंतीची गाय तांबू ट्रकला टेकून जिभेने खळ चाटत होती, आणि कागदाचा एक मोठा तुकडा तिच्या तोंडात होता.

"हाड्! हाड्!" कांता किंचाळली. "अहो, गायीची जीभ! पॉलिश पेपरासारखी असते ती!"

धुरींनी कपाळाला हात लावला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. गिरणीत खळीला कीड लागू नये म्हणून औषध घालत. घरी ते घालायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. बिनऔषधाच्या खळीची चव कुणाला लागेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तांबूला ओढून बाजूला नेलं. उघड्या पडलेल्या जागी, ओलसर, चमक थोडी उतरलेली, पण अख्खी, वेणी घालणारी थोरली मुलगी होती.

शेवंतीचं हसू थांबलं. "तांबून माका पयली दाखयल्यान," ती म्हणाली. "कांता, माझो परकर हिरवोच होतो गो. तुका कसा आठवला?"

कांता तिच्या शेजारी बसली. धुरी आणि धनेश विहिरीच्या पाण्याने कागद भिजवत गेले, तसतसं एकेक काही बाहेर येत गेलं. रहाट आला, विहीर आली. शेवंती प्रत्येकाला नावाने हाक मारावी तसं ओळखत होती. फणसावरचा शेवटचा कागद निघाला आणि धनेशचा हात थांबला. खोडावर वरून खाली एक पांढरी रेघ होती.

धुरींनी निघालेला कागद उलटा करून आतून चाचपला. वाळूचा एक कण बोटाला लागला. "काट्याने नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पुसताना हा कण माझ्याकडूनच राहिला, कागद ओढताना घासला."

कांता उठून जवळ आली. तिचा उजवा हात आपोआप वर झाला, रेघेपर्यंत गेला, खाली आला.

"तशीच आसां दे ती," ओटीवरून शेवंती म्हणाली. "फणसार वीज पडली होती मां? तू ल्हान होतंस. तू काढूक इसारलंस."

कांताने वळून बहिणीकडे पाहिलं. वीज खरंच पडली होती की नाही, तिला आठवेना. धुरींनी विचारायला तोंड उघडलं, पण तिने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी ते मिटलं. त्यांच्या आयुष्यातली ही एकच चौकशी अर्धवट राहिली.

परतीच्या दिवशी खळीसाठी शेवंतीने चुलीवर तांदळाची पेज ठेवायला सांगितली. गावात मक्याचं पीठ कुठून मिळणार? यावेळी चित्र कांताने स्वतः पुसलं, डाव्या हाताने, सावकाश. धुरी हातात कडुनिंबाचा पाला घेऊन आले.

"हे कशाला?"

"एका बाजूच्या खळीत घालतो, दुसऱ्या बाजूच्या नाही. तांबू कुठली चाटते, बघायचंय."

"तांबूला बांधा आधी," कांता म्हणाली आणि पाला हिसकावून सगळाच पेजेत टाकला.