पहिल्या फेरीत पडलेला चॅन्सेलर

माझ्या पीएच.डी.चा विषय होता जर्मनीतली मंत्रिमंडळं. ती कशी जुळतात, कशामुळे टिकतात, का मोडतात. पुण्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवता शिकवता मी तो प्रबंध पुरा केला. मूळ कागदपत्रं वाचता यावीत म्हणून जर्मन शिकले. पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी नवऱ्याला सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली. आम्ही इथे आलो.

इथे आल्यावर माझी ओळख करून देणं हा सगळ्यांनाच अवघड कार्यक्रम होऊन बसला. गणपतीला कुणाच्या घरी जमलो की बायका आपुलकीने विचारायच्या, तुम्ही काय करता. मी विषय सांगितला की कुणीतरी लगेच मोदकांचा विषय काढायचं. माझा मुलगा तर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सरळच सांगायचा, "आई, नोबडी केअर्स लाह." तो चिडवत नसे, त्याला खरंच तसं वाटत असे. मलाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं.

पण जर्मन भाषेने मला हात दिला. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीला आपले काही इंजिनिअर जर्मनीतल्या शाखेत पाठवायचे होते. त्यांना भाषा शिकवायला त्यांनी मला नेमलं. आठ-दहा जण होते. त्यांतला एक नाशिकचा मुलगा, बाकीचे तमिळ, चिनी, मलय. बेकरीत काय मागायचं, घरमालकाशी कसं बोलायचं, असं सगळं मी त्यांना शिकवत होते.

वर्ग संपत आला तेव्हा जर्मनीत निवडणूक होऊन गेली होती आणि दोन पक्षांमध्ये युतीची बोलणी चालू होती. मी एचआरच्या बाईंकडे एक तास जास्तीचा मागितला. म्हटलं, हे लोक ज्या देशात राहायला जाणार तिथलं सरकार कसं बनतं हे त्यांना दाखवते. बाई चिनी सिंगापूरकर, स्वभावाने चांगल्या, पण हिशेबाला पक्क्या. इंजिनिअरांना याचा काय फायदा, असं त्यांनी विचारलं. मी आग्रह धरला. शेवटी त्या म्हणाल्या, एकच तास, आणि मी स्वतः येऊन बसेन. पुढच्या तुकडीला तुमचा वर्ग ठेवायचा की नाही, तेही त्यानंतर ठरवू.

मी तासासाठी नेमकी त्या दिवसाची दुपार निवडली ज्या दिवशी बर्लिनच्या संसदेत चॅन्सेलरची, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाची, निवड होणार होती. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. आधीच्या तासाला मी वर्गाला सांगून ठेवलं होतं की यात धाकधुकीचं काही नाही. खरी रस्सीखेच आधीच झालेली असते. कोणतं खातं कोणाला, कर किती, सीमेवर काय करायचं, सगळं करारात लिहून झालेलं असतं. मतदान हा नुसता उपचार. दुसऱ्या महायुद्धानंतर आजवर पहिल्या फेरीत कुणीही पडलेलं नाही.

तो दिवस आला. खोलीतल्या मोठ्या पडद्यावर संसद दिसत होती. एचआरच्या बाई मागच्या खुर्चीवर. जर्मनीहून पाहणीला आलेले एक वरिष्ठ अधिकारीही कुतूहल म्हणून दाराशी येऊन उभे राहिले. मतमोजणी होईपर्यंत मी जुनी गोष्ट सांगत होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या चौदा वर्षांत तिथे वीसएक मंत्रिमंडळं आली आणि गेली. पाडायला सगळे एकत्र यायचे, उभं करायला कुणी नाही. त्यातून काय झालं ते जगाने पाहिलं. म्हणून नव्या संविधानात त्यांनी अट घातली, की चॅन्सेलरला हटवायचं तर त्याच मतदानात त्याच्या जागी दुसरा निवडून दाखवा.

तेवढ्यात संसदेच्या अध्यक्षांनी निकाल वाचला. मी आकड्यांचं भाषांतर करून सांगितलं. उमेदवाराला सहा मतं कमी पडली होती. युतीकडे बहुमत होतं, पण मतदान गुप्त, आणि त्यांच्याच काही जणांनी हात आखडता घेतला होता.

वर्गात कुजबुज सुरू झाली. नाशिकचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर म्हणाला होतात असं कधी होत नाही."

मागे बाई काहीतरी टिपून घेत होत्या. मग दाराशी उभे असलेले जर्मन साहेब पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. हातातला फोन सारखा थरथरत होता, बहुधा घरून आणि ऑफिसातून विचारणा होत असावी. त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं, "आता काय होणार? तुम्हाला माहीत आहे का?"

आणि मला माहीत होतं. चॅन्सेलर पहिल्या फेरीत पडला तर काय, याच कलमावर मी प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. जे कधी घडलेलंच नाही त्यावर इतकी पानं कशाला, असं माझ्या परीक्षकांनी तेव्हा विचारलं होतं. माझा आवाज आपोआप स्थिर झाला. मी फळ्यापाशी गेले आणि इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं सांगायला लागले. सरकार कोसळलेलं नाही, कारण ते अजून बनलेलंच नाही. जुनं मंत्रिमंडळ कारभार पाहतंय. संसदेच्या हातात आता चौदा दिवस आहेत. त्यात कितीही वेळा मतदान घेता येतं, उमेदवार तोच ठेवता येतो किंवा बदलता येतो. तेही फसलं तर आणखी एक फेरी, ज्यात नुसती सर्वांत जास्त मतं पुरतात. मग राष्ट्राध्यक्ष ठरवतात, नेमायचं की संसद बरखास्त करायची.

वर्गातल्या एकीने विचारलं, काठावर निवडून आलेला माणूस टिकतो का. मी म्हटलं, या देशाचा पहिला चॅन्सेलर हवी होती नेमकी तेवढीच मतं मिळवून आला होता. स्वतःचं मत स्वतःला दिलं नसतं तर पहिल्या फेरीत पडला असता. तो चौदा वर्षं राहिला.

खोलीत पहिल्यांदाच हसू फुटलं. साहेबही हसले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"तुमचा अंदाज काय?" त्यांनी विचारलं.

"आजच पुन्हा मतदान होईल, आणि ते निवडून येतील," मी म्हटलं. "नियमातली मुदत वगळून आज लगेच मतदान घ्यायला विरोधकांचीही संमती लागेल. पण नवी निवडणूक त्यांनाही नकोय, म्हणून ते ती देतील."

एक तास कधीच उलटून गेला होता. कुणी उठलं नाही, बाईसुद्धा नाहीत. प्रश्नांवर प्रश्न येत होते. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा वर्गच म्हणाला, निकाल सोबत पाहू. साहेब आणि बाईंसह आम्ही सगळे ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीला, गेलो. नवऱ्याला आणि मुलालाही मी तिथेच बोलावून घेतलं. उसाचा रस आला, काडीवर भाजलेल्या मांसाचं साते आलं, माझ्यासाठी भाज्यांच्या नूडल्स आल्या. नाशिकच्या मुलाने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. विरोधकांनी संमती दिल्याची बातमी आली तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या फेरीचा निकाल आला तेव्हा जेवणं उरकत आली होती. या वेळी मतं पुरून उरली. आमच्या टेबलावर असा जल्लोष झाला की शेजारचे चिनी काका फुटबॉलचा कुठला सामना आहे म्हणून विचारायला आले. माझ्या मुलाने त्यांना उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्ष आता नेमणुकीचं पत्र देतील, मग शपथ, मग मंत्र्यांच्या शपथा, असं सगळं त्याने ओळीने सांगितलं. हे त्याने घरात माझ्या बडबडीतून कधी उचललं होतं कोण जाणे.

साहेबांनी उभं राहून माझ्याशी हात मिळवला. आपल्या देशाचं संविधान मला आज सिंगापूरमध्ये कळलं, असं ते जर्मनमध्ये म्हणाले. बाईंना जर्मन येत नव्हतं, म्हणून त्यांनी तेच इंग्रजीत पुन्हा सांगितलं. त्यावर बाई मला म्हणाल्या, पुढच्या तुकडीला एक तास पुरणार नाही, चार ठेवा.

आता त्या कंपनीच्या प्रत्येक तुकडीला मी मंत्रिमंडळं शिकवते. आणखी दोन कंपन्यांनी बोलावलंय. यंदा गणपतीला एका घरी कुणीतरी विचारलं, तुम्ही काय करता. मी सांगितलं. मोदक मागे राहिले, आणि मी रात्रीच्या आरतीपर्यंत बोलत होते.