भाऊजी, टोन कोणता ठेवू?

जगात असा एकही विषय नसेल, ज्यावर माझ्या मेहुण्याने शंभर शब्द लिहिले नाहीत आणि त्यांतल्या निदान दहा शब्दांच्या वेलांट्या मला सुधाराव्या लागल्या नाहीत. बत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर शांतपणे वाचत बसावे, एवढीच इच्छा होती. पण आम्ही सिल्व्हर पार्कमध्ये आणि बायकोचा हा धाकटा भाऊ गोडदेवात. मधले अंतर रिक्षाने पंधरा मिनिटांचे. शांततेला ते पुरत नाही.

तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या कामावर होता. मालकाने एकदा खोक्यावर छापायला ओळ मागितली. याने लिहिले, 'आज तुमच्या घरी, उद्या नातवंडांच्या.' मालक खूश झाला आणि त्या खुशीची फळे आम्ही आजवर भोगतो आहोत. महिन्याभरात नोकरी सोडून त्याने कार्ड छापले: 'अष्टपैलू सर्जनशील लेखक. सर्व प्रकारचे लेखन करून मिळेल.' मी म्हणालो, "अरे, एक काहीतरी धर." तर म्हणे, "एकच धरलं तर दुसऱ्या कामाचं गिऱ्हाईक परत जातं, भाऊजी. आणि परत गेलेलं गिऱ्हाईक समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेतं." आतून त्याच्या बहिणीचा आवाज आला, "करू दे हो त्याला. जमतंय त्याला." ती होती तोवर माझे कधी काही चालले नाही.

काहीही लिहायला सांगा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "टोन कोणता ठेवू? भावुक, खुसखुशीत की प्रोफेशनल?" किराणा सामानाच्या यादीलाही त्याने हे विचारलेले आहे. आमच्या सोसायटीची टाकी साफ करायची होती, तेव्हा याने हौसेने सूचना लिहून दिली: 'उद्या सकाळी नळ मौन पाळतील. त्यांच्या मौनाचा आदर करा.' इमारतीत कोणीही पाणी भरून ठेवले नाही. सेक्रेटरी साबण लावलेल्या तोंडाने माझ्या दारात. "मास्टरजी, आपके साले ने ये क्या लिखा है? पानी आएगा कि नहीं, इतना बताओ ना!"

एकदा एकाच दुपारी त्याच्याकडे दोन कामे होती. एक, कोणा कुकर विकणाऱ्याला हवे असलेले कुकरचे वर्णन. दुसरे, ओळखीतल्या एका मुलीची लग्नासाठीची माहिती. दोन्ही वेळेवर पोचली, फक्त पत्ते बदलून. कुकरच्या चित्राखाली लोकांनी वाचले, 'मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, आईवडिलांची एकुलती एक.' आणि मुलाकडच्यांना कळले, की मुलगी दणकट तळाची असून मंद आचेवरही उत्तम काम देते आणि पाच वर्षांची हमी आहे. मी कपाळाला हात लावला. हा म्हणतो, "मुलाकडचे बघायला येतायत रविवारी. म्हणजे आपली जाहिरातीची कॉपी चालली ना?"

उत्तनच्या एका नाखव्याने त्याला नव्या होडीवर लिहायला मजकूर मागितला. "नाव हाय, पन शोभा न्हाय. दोन शब्द दे," एवढेच त्याचे म्हणणे. याने दर्याचे असे स्तोत्र रचले, की मजकूर संपायच्या आत होडी संपली. तरी नाखव्याने प्रेमाने पिशवीभर सुके बोंबील दिले. ते याने माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवले, कारण 'कोरडी जागा तीच.' माझे शब्दकोश अजून उघडवत नाहीत.

पण मला सर्वांत छळले ते त्याच्या निरोपाने. आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. हा लेखक मुद्दाम "जातो" म्हणायचा आणि लिफ्टची जाळी उघडी धरून उभा राहायचा. स्वयंपाकघरातून त्याची ताई ओरडेपर्यंत हलायचा नाही. "जातो नाही, येतो म्हण!" मग हा "येतो" म्हणून खाली. तोवर वरच्या मजल्यावरून कोणीतरी जाळी बडवत असे, "लिफ्ट छोड़ो भाई!"

गेल्या साली ती गेली. वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना द्यायला तिच्या फोटोखाली चार ओळी हव्या होत्या. मला फक्त दुसऱ्याचे सुधारता येते; स्वतःचे लिहिता येत नाही. म्हणून त्यालाच सांगितले. त्याने टोन विचारला नाही. "दोन दिवसांत देतो," म्हणाला आणि वीस दिवस गेले. जो उभ्या उभ्या वाढदिवसाचा बॅनर लिहून देतो, तो! छापखान्याची तारीख उद्यावर आली, तेव्हा मी फोनवर त्याला नको ते बोललो.

संध्याकाळी आला. कागदावर तिचे नाव, आणि खाली सगळे खोडलेले. स्वर्गवासी झाली. देवाज्ञा झाली. आम्हांला सोडून गेली.

"क्रियापदच मिळत नाहीये, भाऊजी."

"कुकरला बरी मिळतात तुला क्रियापदं!" मी बोलून गेलो, आणि लगेच वाईट वाटले.

त्याने कागदाची घडी केली, चपला घातल्या. वर्षभर तो काही न बोलताच निघत असे. त्या दिवशी म्हणाला, "जातो." आणि जाळी उघडी धरून उभा राहिला. वरून बडवणे सुरू झाले. हा हलेना. स्वयंपाकघर माझ्या पाठीमागे होते. तिथे कोणी नव्हते.

"जातो नाही," मी म्हणालो. आवाज वर्गातल्यासारखा चढला. "येतो म्हण."

त्याने जाळी लावली. परत आला, माझ्या खिशातले पेन काढले, कागद दारावर टेकवून एक ओळ लिहिली आणि माझ्या हातात दिली. "येतो, भाऊजी," म्हणाला. लिफ्ट वर गेली होती, म्हणून जिन्याने उतरला.

मी चष्मा लावून वाचले. 'येते म्हणालि आहे.'

एकच ओळ, आणि तीतही ली ऱ्हस्व. सवयीने हात खिशाकडे गेला, तर पेन तोच घेऊन गेलेला. ते द्यायला तरी येईल.