सिचुआनमध्ये जीभ, गुइझोउमध्ये पान

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये परदेशाहून परतलेल्या माणसाला महिनाभर कुणी चहाचे पैसे देऊ देत नाही. बदल्यात किस्से सांगावे लागतात, आणि प्रत्येक चहाला नवा किस्सा आठवत जातो. साने साहेब चीनचे फक्त हसायचे किस्से सांगतात. बाकीचे माझ्याकडे ढकलतात. "ते याला विचारा!" मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही तिघे गेलो होतो. साने साहेब इंजिनियर, बापट काका सीनियर फिटर आणि मी गेस्ट हाउसचा स्वयंपाकी. सिचुआन प्रांतात बनणारं एक मशीन तपासायचं होतं. साहेब पक्के शाकाहारी. "स्वयंपाकी नसेल तर मी जात नाही," म्हणून अडून बसले. म्हणून नववीत शाळा सोडलेल्या माझाही पासपोर्ट निघाला!

बापट काकांचं दुःख अख्ख्या टाउनशिपला माहीत होतं. काकू वारल्या, आणि दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही. काकांनी हात जोडून सुचेल ते वचन दिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. तेव्हापासून त्यांचं एकच. "ती उपाशी गेली का रे?"

* * *

पहिल्याच दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये साहेबांनी टोफूची भाजी खाल्ली. वर काळपट लाल दाणे होते, आपल्या तिरफळासारखे. दोन घास झाले आणि साहेबांनी तोंडावर हात ठेवला.

"माझी जीभ कुठाय?"

ओठ थरथरत होते. पाणी प्यायले तर पाणी आंबट लागलं. "अर्धांगवायू! भोपाळला फोन लावा, हबीबगंजला, मेव्हणा डॉक्टर आहे!"

आमची दुभाषी लिन हिंदी शिकलेली होती. ती शांतपणे म्हणाली, "कुछ नहीं सर. ज़बान सो जाती है, फिर लौट आती है."

काकांनी तिला विचारलं, "बेटी, तब तक जाती कहाँ है?"

लिन हसायला गेली आणि थांबली. काका गंमत करत नव्हते.

* * *

मशीनचं टेस्टिंग लांबलं, सुट्टी मिळाली. लिन आम्हाला शेजारच्या गुइझोउ प्रांतात, डोंगरातल्या आजीच्या घरी घेऊन गेली. सिचुआनचं जेवण झणझणीत, इथलं आंबट. भाताच्या पेजेला आंबवून सार करतात, टोमॅटो घालून. मी ते दोन वाट्या प्यायलो.

साहेबांच्या खोलीत दोन बाकांवर एक लांबलचक काळी पेटी होती. आरशासारखी चकचकीत. सकाळी आंघोळ करून त्यांनी तिच्यावर प्रवासातले देव मांडले, निरांजन लावलं, आरती सुरू केली. दारात लिनची आजी येऊन उभी राहिली. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी!

लिनचा चेहरा उतरला होता. "सर, ये दादी का ताबूत है. हमारे यहाँ बूढ़े लोग पहले से बनवा लेते हैं."

साहेबांच्या हातातली घंटी थांबली. आजी काहीतरी म्हणाली. लिनने सांगितलं, "कह रही हैं, आराम से कीजिए. अभी मुझे नहीं चाहिए!"

साहेबांनी पुन्हा आंघोळ केली.

* * *

पोळ्यांसाठी मी आजीच्या चुलीपाशी बसलो. वर धूर दाटला होता. तो जरा हलला आणि माझ्या डोक्यावर चेहरे दिसले. ओळीने टांगलेले, चपटे, काळे. डोळे मिटलेले आणि तोंडावर हसू. धुरावर सुकवायला टांगलेली डुकरांची तोंडं होती ती!

पोळी त्याच चुलीवर झाली. साहेब पाठ फिरवून जेवत होते. "वरून कुणीतरी बघतंय असं वाटतं हो."

काका म्हणाले, "बघणारच. शाकाहारी माणूस पहिल्यांदाच पाहतायत!"

काकू गेल्यापासून काकांनी केलेला हा पहिला विनोद. हसलं मात्र कुणीच नाही.

* * *

तिथल्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात पितर घरी येतात, आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत पोचलो होतो. बाजारात कागदाची घरं, कागदाचे कपडे, कागदाचे फ्रिज विकायला होते. जाळले की मेलेल्यांना पोचतात म्हणे. काका कपड्यांपाशी बराच वेळ उभे राहिले.

"पहुँच गया, ये पता कैसे चलता है?"

दुकानदाराने लिनला सांगितलं, तिने आम्हाला. "नहीं पहुँचा तो सपने में आकर माँगते हैं."

काका मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझ्या तर एकदाही आली नाही."

दुकानदाराने न विचारता कागदाचा एक झगा त्यांच्या हातात ठेवला. काकांनी तो परत केला. "ती साडी नेसायची."

* * *

त्या संध्याकाळी आजीने पितरांचं जेवण मांडलं. टेबलाच्या चारही बाजूंना रिकामे बाक. पुढे भात, सार, दारूच्या छोट्या वाट्या. आम्ही भिंतीला टेकून उभे. "बेंच को धक्का मत लगाइए," लिन कुजबुजली. "वो लोग बैठे हैं."

आजीने काकांकडे बघून काही विचारलं. लिन म्हणाली, "आपका भी कोई हो तो बुला लीजिए. नाम लेकर बुलाना पड़ता है."

काकांनी जन्मात काकूंना नावाने हाक मारली नव्हती. 'अगं, ऐकलंस का'वर सगळा संसार झाला. ते माझ्याकडे वळले. "वरणभात आहे?"

होता. आम्हा तिघांसाठी एकाच पातेल्यात केलेला. मी एक वाटी भरली, वर तूप घातलं. आजीने ती कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेपुढे ठेवली.

"नलिनी," काका म्हणाले. "ये. जेवून घे."

उदबत्ती जळत होती. दारं बंद, वारा नाही. सगळ्या वाट्यांची वाफ सरळ वर चढत होती. काकूंच्या वाटीची वाफ आडवी जात होती, कुणी फुंकर घालून निववावं तशी.

उदबत्ती विझली. आजीने दारूच्या वाट्या आवरल्या आणि मिठाची बरणी मधे ठेवली. लिन म्हणाली, "जो वो खा लेते हैं, उसमें स्वाद नहीं रहता. ऊपर से नमक लेना पड़ता है."

साहेबांनी पातेल्यातला वरणभात घेतला. "मीठ अगदी बरोबर आहे," ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले.

काकांनी कोपऱ्यातल्या वाटीतला एक घास खाल्ला आणि थांबले. वाटी माझ्यापुढे धरली.

मी चाखला. मीठ नव्हतं. तूप नव्हतं, डाळ नव्हती. ओला कापूस चावावा तसं.

मी बरणी उचलली. काकांनी वाटीवर हात आडवा धरला.

"नको. असाच राहू दे."

आणि शेवटच्या शितापर्यंत, सावकाश, हसत हसत जेवले.