कोरडा फिल्टर

कडक अण्णांचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. लॉन्ड्रीवाला म्हणजे कडक अण्णा. कॉलर कडक, इस्त्रीची घडी कडक, आणि कुणी डाग सुकवून आणला तर जिभेचा पट्टाही तितकाच कडक. "ताजा असताना आणला असतात तर हसत निघाला असता! आता बसा रडत." स्वतः कायम पांढऱ्या शर्टात. तेलाशी तर माणसाचं सात जन्मांचं वैर. बायकोनं फोडणीचं भांडं चढवलं की हे दोन पावलं मागे. ती म्हणायची, "अहो, तेल काही तुमच्यावर टपून बसलेलं नाही!"

आणि अशा माणसाची पोरगी कशी, तर मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल उडवणारी. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत एका अंगाला धुतलेल्या चादरींच्या थप्प्या, दुसऱ्या अंगाला तिची धुळीनं माखलेली गाडी. अण्णा दिवसभर कुरकुरायचे, पण तिची एक शर्यत चुकवतील तर शपथ.

मागच्या मोसमात मात्र त्यांनी घोळ घातला. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोरगी दमून आडवी झाली होती. अण्णांना वाटलं, तेवढाच आपला हातभार. सीटखालचं झाकण काढून त्यांनी हवेचा फिल्टर बाहेर घेतला. फिल्टर म्हणजे काय, जाड स्पंजाची टोपी. इंजिनात जाणारी हवा तिच्यातून गाळून जाते. ती टोपी निळ्या तेलानं चिकट आणि मातीनं काळीकुट्ट. अण्णांच्या अंगात वीज संचारली. रॉकेलात बुचकळली, साबणात घोळली, तेलाचा थेंब म्हणून शिल्लक ठेवला नाही. वाळून मऊ झाली तशी बसवून टाकली. आता ते तेल मुद्दाम घातलेलं असतं, धूळ त्यालाच चिकटून बाहेर राहते, हे त्यांना कोण सांगणार? सांगितलं असतं तरी त्यांना पटलं असतं का, देव जाणे.

पोरगी पहिली चालली होती. शेवटच्या फेरीत इंजिन कण्हायला लागलं आणि मग गपगार. मेकॅनिकनं उघडलं तर आत पिठासारखी बारीक धूळ, पिस्टन घासून पार कामातून गेलेला. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, इथून पुढं गाडीला हात लावू नका." अण्णांच्या ते फार जिव्हारी लागलं. तेव्हापासून चादरी ठेवायला गेले तरी ते गाडीला वळसा घालून जात. आणि पोरगी दुधानं तोंड पोळलेली, ताकही फुंकून पिणार. मेकॅनिकनं बसवलेला फिल्टरसुद्धा ती शर्यतीआधी उघडून, बोट लावून बघायची.

यंदा पुन्हा तीच शर्यत आली. आदल्या दिवशी पोरगी सरावाहून परतली तेव्हा फिल्टर धुळीनं बुजलेला, जादाचा ठेवलेला फिल्टर शिवणीत फाटलेला, वर क्लच घसरत होता. मेकॅनिक नेमका परगावी. तिनं स्वतःच क्लच उघडला, हात मनगटापर्यंत काळे केले आणि मान वर न करता म्हणाली, "अण्णा, फिल्टर तेवढा कराल?"

अण्णांची इस्त्री होती तिथंच थांबली. "मी?"

"मग दुसरं कोण आहे इथं? पिळू नका हं, नुसता दाबा. शिवण उसवते. सावलीत वाळवा. आणि..."

"तेल," अण्णा म्हणाले.

"भरपूर."

अण्णांनी आधी इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, आत कचरा पडू नये म्हणून. फिल्टर धुतला, हलक्या हातानं दाबून पाणी काढलं, पंख्याखाली वाळवला. इथवर सगळं त्यांच्या घरचंच. मग हातमोजे चढवून तेलाची बाटली घेतली आणि हात काही पुढं होईना. जित्याची खोड! चार थेंब टाकले आणि थबकले.

"अहो, ओता की! औषध देताय का बाळाला?" बायको दारातून करवादली.

अण्णांनी डोळे मिटले आणि ओतलं. मग कणीक तिंबावी तसा फिल्टर मुठीत दाबू लागले. निळा रंग पसरत गेला. फिकं दिसेल तिथं कोरडं, हे त्यांच्या नजरेला कुणी शिकवायला नको होतं. शिवणीपाशी फिकी रेघ राहिली होती. तिथं जोर लावला आणि तो स्पंज मुठीतून टुणकन उडाला, थेट छातीवर आदळला. पडण्याआधी त्यांनी तो तिथंच दाबून धरला. पांढऱ्या शर्टावर ताटलीएवढा निळा डाग.

"अगं बाई! काढा आधी तो शर्ट, साबण लावते. सुकला की बसला!"

हे काय अण्णांना सांगायला हवं होतं? जन्मभर तेच तर ओरडत आले होते. पण शिवण अजून फिकी होती. "राहू दे गं," म्हणाले आणि शिवण गर्द निळी होईपर्यंत दाबत राहिले. मग काठाला ग्रीस लावलं, फडकं आठवणीनं बाहेर काढलं, फिल्टर बसवला, झाकण लावलं. तोवर डाग शर्टात मुरला होता.

क्लच झाल्यावर पोरगी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन झाकणाशी आली. अण्णा बाजूला सरले. म्हणाले, "बघ उघडून. बघायलाच हवं."

तिनं झाकणाला हात घातला, वर पाहिलं आणि पाहतच राहिली. मग स्क्रू-ड्रायव्हर पेटीत टाकून दिला.

"अगं, उघड की!"

"उघडून काय बघायचं, अण्णा? शर्ट बघितला की तुमचा."

अण्णांनी छातीवर हात ठेवला. "हा काही आता निघायचा नाही."

"नको निघू दे," ती म्हणाली. "उद्या हाच घालून या."