आमची गल्ली आणि दोन डिग्र्या

दोन डिग्र्या म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. अप्पांचं लातूरला भांड्यांचं दुकान. त्यांनी ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं होतं. गिऱ्हाइकांना ते सांगायचे, "दोन वर्षं नांदेडला, दोन वर्षं इंग्लंडला, डिग्री दोन्हीकडची. कुकरवर तवा फ्री असतो की न्हाई, तसं." शेजारच्या काकूंना मात्र ही योजनाच संशयास्पद वाटायची. दोन लागतात म्हणजे पहिली कच्ची असणार, असं त्यांचं सरळ गणित. "पहिलीच नीट कर की बाई," म्हणायच्या. माझी पहिली दोन वर्षं बघितली तर काकूंचं फार चुकत नव्हतं.

तवा काही सगळ्यांना फ्री नव्हता, ही यातली मेख. नांदेडच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला आम्ही वर्गभर मुलं होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिकडच्या विद्यापीठाचं माणूस येणार, मुलाखती घेणार आणि आमच्यातल्या मोजक्यांना निवडणार. निवडलेल्यांची फी विद्यापीठ भरणार. बाकीच्यांनी चारही वर्षं नांदेडला काढायची आणि एका डिग्रीवर समाधान मानायचं. मला जायचंच होतं. कारण काही थोर नव्हतं. मी तोवर हैदराबादच्या पलीकडे काही बघितलं नव्हतं आणि बघायची भयंकर हौस होती, एवढंच.

अप्पा तयार होते. आई नव्हती. ती भांडली वगैरे नाही. "नांदेडपर्यंत ठीक हाय," म्हणाली, "सकाळच्या येष्टीनं निघालं की दुपारी लेकरापाशी पोचता येतं. पुढचं पुढं बघू." आईचं 'पुढचं पुढं बघू' म्हणजे 'नाही', हे आमच्या घरात लहान पोरालाही कळायचं.

ती तशी का झाली, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. लातुरातलं आमचं घर वाचलं, भिंतीला एक भेग पडली तेवढीच. पण आईचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. तिची किती माणसं गेली, याबद्दल ती आजही बोलत नाही, म्हणून मीही इथं बोलत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस लहान लहान धक्के बसत राहिले आणि आमच्या गल्लीनं त्यावर आपली एक रीत बसवून टाकली. ताटं वाजली की पळायचं. जो जवळ असेल त्याचा हात धरायचा. काय झालं, कशानं झालं, हे विचारायचं ते बाहेर जाऊन. बाहेर आल्यावर पहिलं काम म्हणजे गल्ली बघायची. आपलंच एक घर बाहेर उभं असलं तर मागच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेलेला असणार. मग ओशाळं हसत आत जायचं. सगळी गल्ली बाहेर असली तर मात्र धक्का खरा. मग कुणी चटया आणायचं, कुणी स्टोव्ह, आणि मोठी माणसं गप्पांना बसली की आम्हा पोरांना आयती सुट्टी. भीती होतीच, पण खोटं कशाला सांगू, आम्हाला मजाही यायची.

मी दहावीला पोचेपर्यंत गावाला हलवायला क्लासेस आले. पहाटे पाच वाजता रस्त्यावर सायकलींची दाटी, चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, रेणापूरपासून मुखेडपर्यंतची पोरं घराघरांतून भाड्यानं राहिलेली. मीही त्या चरकातून निघाले. तिथं एकच मंत्र होता: पाठ कर. व्याख्या पाठ, आकृत्या पाठ, गणितंसुद्धा पाठ. अडलं की पहिल्यापासून सुरुवात करायची, हा नियम. मला तो इतका अंगवळणी पडला की नांदेडला जाऊन मी कॉम्प्युटरचे प्रोग्रामही तसेच पाठ करू लागले, अर्धविराम-कंसांसकट, मोठ्यानं, येरझाऱ्या घालत.

माझी रूममेट मुखेडची. तिच्या डोक्यात प्रोग्राम आपोआप उगवायचे. ती कपाळाला हात लावायची.

"तू हे पाठ करून राहिली? ते काय स्तोत्र हाय का?"

"मार्क पडतात ना?" मी म्हणायचे.

"पडतेत. पण मुलाखतीला येणाऱ्या त्या गोऱ्या बाईनं मधीच काही इचारलं तर?"

मार्क खरंच पडायचे, त्यामुळे मी तिचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ती स्वतः मुलाखतीला बसलीच नाही. तिला पुण्यात नोकरी करायची होती आणि लंडनबिंडन म्हणजे नसती कटकट, असं तिचं ठाम मत. पण माझ्याबरोबर धीर द्यायला ती आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर पेरू खात बसली.

मुलाखत पहिल्या मजल्यावर होती. तिकडून आलेल्या प्राध्यापिका पांढऱ्या केसांच्या, उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. शेजारी आमचे प्राचार्य कोट घालून घाम पुसत बसलेले. बाईंनी विचारलं, तुला आमच्याकडे का यायचंय? याचं उत्तर माझं तीन परिच्छेदांचं तयार होतं. मी सुरू केलं. पहिल्या परिच्छेदात माझी जिज्ञासा संपून दुसऱ्यात तंत्रज्ञान सुरू होतंय, तोच बाईंनी हसून काहीतरी विचारलं. झालं, गाडी घसरली. मी माफी मागितली आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्यांनी पुन्हा अडवलं. मी पुन्हा जिज्ञासेपासून. तिसऱ्या वेळी त्या अडवेनात. हाताची घडी घालून ऐकत राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सहनशीलता पसरली, ती बघून मला कळलं की आपलं इंग्लंड गेलं.

त्याच वेळी लाइट गेली. नांदेडला लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मी बोलत राहिले. आणि अचानक टेबल थरथरलं. बाईंच्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास बशीवर वाजायला लागला.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते माझ्या पायांनी केलं. मी उठले, टेबलापलीकडे वाकून बाईंचा हात धरला आणि पळाले. बाई चांगल्या धिप्पाड, पण काय होतंय हे कळायच्या आत त्या जिना उतरत होत्या. प्राचार्यांचा हात लांब पडला, म्हणून ते मागे राहिले. व्हरांड्यातून जाताना रूममेट ओरडली, "अगं ए येडे! जनरेटर हाय ते! नवीन आणलाय!" पण ते मला ऐकू आलं तेव्हा आम्ही दोघी मैदानातल्या कडुनिंबाखाली पोचून धापा टाकत होतो.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे मी बाईंना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. मग मी म्हटलं, मी लातूरची आहे. आणि भूकंपाचं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कसलाही परिच्छेद न जुळवता. सांगता सांगता रडूच यायला लागलं. भूकंपाचं नव्हे, इंग्लंड गेल्याचं.

बाई हसल्या नाहीत. झाडाच्या पारावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. आता मला असा प्रोग्राम सांग, ज्याला जनरेटर आणि भूकंप यांतला फरक कळेल."

हा काही पाठ केलेल्यांपैकी नव्हता. मी म्हटलं, टेबल हललं की भूकंप. त्या म्हणाल्या, टेबल तर आत्ताही हललं. मी म्हटलं, भूकंप थोड्या वेळात थांबतो, जनरेटर थांबत नाही. म्हणून थोडं थांबून बघायचं. त्या म्हणाल्या, म्हणजे घर पडल्यावर तुझा प्रोग्राम सांगणार, की तो भूकंप होता? यावर मलाही हसू आलं. मग मी जोरात हललं तर, कमी हललं तर, असं काहीबाही सांगत गेले आणि त्या प्रत्येक उत्तराची चाकं काढत गेल्या. गंमत म्हणजे त्या अडवत होत्या आणि मला पहिल्यापासून सुरू करावंसं वाटत नव्हतं. पहिलं असं काही नव्हतंच.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही कसं ओळखायचा?"

"आम्ही गल्ली बघायचो," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मीच थांबले. एका टेबलाला विचारून काही कळणारच नाही. पुष्कळ टेबलांना विचारायला हवं. एकच हललं तर ट्रॅक्टर. गल्लीतली सगळी एकदम हलली तर भूकंप. प्रत्येक घरातलं यंत्र शेजारच्या यंत्राला विचारेल, तू पण हललंस का? मी बोटानं मातीत घरं काढली, घराघरांत रेघा ओढल्या. एखादं यंत्र बिघडलेलं असेल तर? मग किती घरांचं खरं मानायचं? हे प्रश्न आता मीच विचारत होते, उत्तरं आम्ही दोघी मिळून शोधत होतो.

बाईंनी मान वर करून मैदानभर नजर फिरवली. अख्ख्या कॉलेजातून कुणीही बाहेर आलेलं नव्हतं. फक्त वरच्या कठड्याला टेकून प्राचार्य रडकुंडीला येऊन बघत होते आणि शेजारी माझी रूममेट पेरू खात होती.

"म्हणजे जनरेटरच," बाई म्हणाल्या.

मला घेतलं. अप्पांनी आईला न विचारताच दुकानात पेढे वाटले, आणि गल्लीच्या लेखी तर मी निघालेच होते. पण खरं घोडं अडलं होतं आईपाशी. मी घरी आले तेव्हा ती भाकरी थापत होती. तिकडं खायला काय, थंडी किती, दवाखाना जवळ आहे का, असं एकेक विचारत गेली. मी सांगत गेले. मग म्हणाली, "आन् राहायला?"

"हॉस्टेल."

"कितव्या मजल्यावर?"

"नवव्या," मी म्हटलं.

तिचा हात परातीत थांबला. मी घाईघाईनं म्हटलं, "आई, तिकडं भूकंप होत न्हाई."

"आपल्याकडं तरी कुठं होत होता?" ती म्हणाली.

त्या बाईंना उत्तर देताना माझी बुद्धी धावली होती. इथं ती जागची हलली नाही. मी भाकरी खाल्ली. मला तिचा राग आला होता आणि राग आल्याची लाजही वाटत होती. ती रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मला वेणी घालताना ती एकदम म्हणाली, "जा तू."

मी वळायला गेले तर तिनं केस ओढून डोकं सरळ केलं. "पण मी फोनवर इचारणार, कितव्या मजल्यावर हाईस म्हणून. मला इचारल्याबिगर राहवायचं न्हाई. तू तळमजला म्हणायचं."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाचं त्यात? मला म्हाईत हाय की."

मग दोन वर्षं दर रविवारी आमचं हेच चाललं. "कितव्या मजल्यावर हाईस?" "तळमजला." "बरं. जेवलीस का?" नवव्या मजल्याच्या खिडकीत उभं राहून मी हे इतक्या वेळा म्हटलं, की पुढं पुढं मला ते म्हणताना हसूही येईनासं झालं.

एकदा मैत्रिणीनं माझा त्या खिडकीपाशी फोटो काढला आणि मी तो घरी पाठवून दिला. मागं काय दिसतंय, याचा विचारच केला नाही. अप्पांनी त्याची फ्रेम करून दुकानात लावली. शेजारच्या काकू पातेलं घ्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई, झाडांचे शेंडे तर पोरीच्या पायाखाली दिसून राहिलेत!"

आई गल्ल्यावर बसली होती. पातेलं कागदात गुंडाळता गुंडाळता, वर न बघता म्हणाली, "तिकडली झाडं बुटकीच असतेत."