उजवा डाव्याच्या जागी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, पण सुरुवात कुठून करू? चष्म्यापासून करते. चष्म्याचं बोलणं सोपं आहे.

आमची गार्गी तेव्हा दहावीत होती. जबलपुरात मी ज्या शाळेत शिकवायची, त्याच शाळेत. तिचा चष्मा तुटला आणि मी ऑनलाइन दुसरा मागवला. घरोघरी होतं हे, नाही का?

पण तुटला कसा?

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लहानपणी वडिलांचा फार मार खाल्लेला. गार्गी झाली तेव्हाच त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं — पोरीवर हात उचलायचा नाही. शाळेत पालकांना मीही हेच सांगायची. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात गार्गी फटकन म्हणाली, "तू सबको ज्ञान देती है, मेरी कभी सुनती है?" — आणि मी तिच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून ओट्याच्या कडेवर आपटला. एक काच तडकली, काडी निखळली. तिच्या कानाजवळ, केसांखाली झाकेल असा, लांब ओरखडा उठला. ती रडली नाही. वाकून तिनं काडी उचलली.

तेवढ्यात हे ऑफिसातून आले. "काय झालं?"

"बसली चष्म्यावर. लक्ष कुठं असतं हिचं!"

हे मी बोलले. विचार करायच्या आत तोंडून गेलं, असं सांगणार होते तुम्हाला. पण तसं नव्हतं. विचार केला होता मी.

गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो बाबा. सॉरी."

कमानिया गेटजवळच्या नेहमीच्या दुकानात घेऊन जा, असं हे म्हणाले. तिथले भैया तिला लहानपणापासून ओळखायचे. चष्मा कानावर बसवताना त्यांना ओरखडा दिसला असता — "बेटा, ये कैसे लगा?" मी म्हटलं, काहून जायचं त्या गर्दीत, मोबाइलवर मागवते. यांना पटत नव्हतं. मी हट्टानं माझंच खरं केलं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घाईघाईत नंबर भरले — उजव्या डोळ्याचा डाव्याच्या जागी, डाव्याचा उजव्याच्या.

ती चूक होती. चुकीबद्दल मी बोलतच नाहीये.

चष्मा आला. "आई, डोकं दुखून राहिलं. फळ्यावरचं नीट दिसत नाही."

"नवा आहे. सवय होईल."

ती खोलीत गेल्यावर मी चिठ्ठी काढून मोबाइलशी ताडून पाहिली. तिथल्या तिथं कळलं. बदलून मिळाला असता — पण मग हे म्हणाले असते, सांगत होतो ना, आणि तिला स्वतः दुकानात घेऊन गेले असते. स्कूटरवर दोघंच बापलेक. वाटेत ती काय बोलली असती? मी चिठ्ठीची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

थोड्या दिवसांनी गणिताच्या मॅडमनी मला स्टाफरूममधून बोलावलं. वर्गात चाचणी होती, प्रश्न फळ्यावर लिहिलेले. गार्गीला शेजारणीच्या वहीत बघताना पकडलं होतं. माझीच मुलगी, शिक्षिकेची मुलगी — मॅडमना माझ्याशी बोलतानाही अवघडल्यासारखं होत होतं. गार्गी भिंतीला टेकून उभी.

"मी उत्तर नव्हती पाहत, आई," ती हळूच म्हणाली. मराठीत म्हणाली, मॅडमना कळू नये म्हणून असेल. "प्रश्न पाहत होती. दिसतच नव्हते."

ती खरं बोलते आहे हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, हिच्या चष्म्याचा नंबर चुकलाय. किती सोपं वाक्य! पण मग विचारलं असतं, कुणी चुकवला? कधीपासून माहीत होतं?

"बहाने मत बनाओ," मी म्हटलं. मॅडमना ऐकू जावं म्हणून हिंदीत. "माफी माँगो."

तिनं मागितली. मान खाली घालून, स्पष्ट आवाजात. चाचणीत शून्य मिळालं. मैत्रिणी तिच्या शेजारी बसताना वहीवर हात धरू लागल्या, हे मी वर्गाच्या दारातून जाता-येता पाहिलं. पाहिलं आणि पुढे गेले.

अखेर तिची डोकेदुखी पाहून हेच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही होते. काचा तपासून डॉक्टर म्हणाले, नंबर उलटे बसलेत, कुणी भरले होते? मी पर्सची चेन उघडली, लावली. गार्गी म्हणाली, "मी वाचून दाखवले होते आईला. मीच उलटे वाचले."

घरी येताना रिक्षात हे तिला रागावले. मी शेजारीच बसून ऐकत होते.

आता ती इंदूरला नोकरी करते. गेल्या दिवाळीत आली होती. कशावरून तरी आमचं वाजलं, माझा आवाज चढला. तिनं चष्मा काढला, घडी करून फ्रिजवर ठेवला, आणि मग बोलू लागली.

हे हसले. "काहून गं, चष्मा काढून भांडतेस?"

"आदत है, बाबा."

यांनी माझ्याकडे पाहिलं, गंमत वाटून. मी मटार सोलत होते. मी सोलतच राहिले.