बफिंग केलेली फिरंग

दसऱ्याच्या आधी आठवडाभर आमच्या जिल्ह्यात जुन्या तलवारींचा जो छळ चालतो, तो मला बघवत नाही. विटेची पूड, चिंच, आणि आता तर मशीन! लखलखीत तलवार दिसली की माझं डोकंच फिरतं.

जुनी पाती कुठली, हे ओळखायचा मला नाद आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं काही करत नाही. मागच्या उन्हाळ्यात पारनेरकडच्या एका म्हाताऱ्यांनी बोलावलं. घरातली तलवार जत्रेतून आणलेली आहे, असं म्हणून भावकीने त्यांना आयुष्यभर हिणवलं होतं. “खरं काय ते एकदा कळू द्या, सर,” ते म्हणाले. “मंग डोळं मिटलं तरी चालंल.”

मूठ आपल्याकडचीच होती. पातं सरळ, लांब, आणि मुठीखालच्या खोबणीत, गंजाखाली, पुसट रोमन अक्षरं. म्हणजे पातं युरोपातलं, गलबतातून आलेलं. मूठ इथे बसवलेली. अशा तलवारीला फिरंग म्हणतात. पण नुसत्या आकारावर छातीठोक बोलता येत नाही, तशी पाती इथेही बनत. पुरावा काय तो त्या अक्षरांचा.

मी चकार शब्द काढला नाही. असं काही सांगितलं की लोक शेफारतात, दलाल दारात येतात. भिंग आणून नीट वाचू, मग सांगू, असं ठरवलं. फोटोसुद्धा काढला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत पावसाळा सरला.

गेलो ते थेट दसऱ्याला. पाटावर तलवार स्टीलच्या ताटासारखी चकाकत होती. त्यांचा मुलगा नागापूरला एमआयडीसीत फिटर आहे. त्याने ती बफिंग मशीनला लावली होती. खोबण गुळगुळीत, एक अक्षर शिल्लक नाही.

“जुनं पातं असं घासतात का? अक्कल गहाण टाकली होती?” पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर मी त्याच्यावर ओरडलो.

“गंजलेली पूजेला कशी ठिवायची, सर?” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तुमी काय बोलला न्हाई.”

म्हातारे पुढे आले. “तिथं काय लिव्हलेलं हुतं का? तुमाला दिसलं हुतं?”

भावकी कान देऊन ऐकत होती. हो म्हणालो असतो, तर तेव्हाच का नाही सांगितलंत, हा प्रश्न ठरलेला. माझी ती लाज मला त्यांच्या उभ्या आयुष्यापेक्षा मोठी वाटली. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

“नाही,” मी म्हणालो.

मागे कुणीतरी हसलं आणि म्हाताऱ्यांनी मान खाली घातली.